केळीच्या पट्ट्यात हस्की पाळू का?

पत्र असं आहे:

"ताई नमस्कार, मी फैजपूरजवळच्या एका गावातला, वय २६, भुसावळला प्रायव्हेट जॉब करतो, सोबत स्पर्धा परीक्षेची तयारी चालू आहे. पुण्याला मित्राकडे हस्की पाहिला तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये, निळे डोळे, लांडग्यासारखा चेहरा आणि एकदम मायाळू. आमच्याकडे जागेची काही कमी नाही, मोठं घर, मोठं अंगण, घरचं दूध, गावाबाहेर केळीची बाग. घरी आई, बाबा आणि आजी, आजीच्या कोंबड्या आणि दोन बकऱ्या. बागेत मोटरीची केबल चोरीला जाते म्हणून बाबा पण म्हणतात कुत्रं पाहिजेच. एकजण ४० दिवसांचं पिल्लू २२ हजारात देतोय, म्हणतो आपल्याकडच्या हवेला सेट झालेली लाइन आहे. कूलर लावायची माझी तयारी आहे. घेऊ का?"

भाऊ, आधी उत्तर देते मग कारणं, कारण पिल्लाचा फोटो मोबाईलमध्ये असताना माणूस लांबलचक वाचत बसत नाही हे मला माहितीये. नको घेऊ. निदान आत्ता, तू जी परिस्थिती लिहिलीस त्यात तरी नको. तुला कुत्र्यांची आवड नाही किंवा तू नीट सांभाळणार नाहीस असं मला अजिबात म्हणायचं नाहीये, उलट विचारून घेतोयस यातच कळतं की तुला काळजी आहे. पण तुझ्या पत्रात अंगण आहे, दूध आहे, बाग आहे, आजीच्या कोंबड्यासुद्धा आहेत, फक्त मे महिना कुठेच नाहीये.

तू केळीवाल्याचा पोरगा आहेस म्हणून तुला हे पटकन समजेल. डिसेंबर-जानेवारीत पारा १० च्या खाली जायला लागला की तुझे बाबा काय करतात? रात्री बागेच्या कडेला धूर करतात, रात्रीचं पाणी देतात, घडांना पिशव्या घालतात, कारण केळीला ती थंडी सोसत नाही, पानं पिवळी पडतात, घडाची वाढ थांबते. कितीही खत टाका, कितीही माया करा, झाडाच्या अंगात जी गोष्ट नाही ती नाही. हस्कीचं हेच आहे फक्त उलटं. त्याला १० डिग्री म्हणजे छान हवा, आणि आपल्याकडे जळगाव-भुसावळ पट्ट्यात ४४-४५ डिग्री हे मे महिन्यातलं नेहमीचंच बोलणं झालंय.

हे कुत्रं मुळात सायबेरियाच्या ईशान्य टोकाचं, तिथल्या चुकची लोकांनी पिढ्यानपिढ्या बर्फावरच्या गाड्या ओढायला तयार केलेलं. कमी खाऊन, हलकं ओझं घेऊन, लांबच लांब पळायचं, हेच त्याचं काम. १९०८ च्या सुमारास ही कुत्री अलास्कात आली, आणि १९२५ च्या जानेवारीत तिथल्या नोम नावाच्या गावात घटसर्पाची साथ आली (माणसांचा घटसर्प बरं का, गुरांना आपण पावसाळ्याआधी ज्याची लस देतो तो वेगळा), तेव्हा औषध पोचवायला कुत्र्यांच्या गाड्यांशिवाय मार्गच नव्हता. जवळजवळ ११०० किलोमीटर अंतर, २० गाडीवान, एकाने दुसऱ्याच्या हातात औषध द्यायचं असं करत साडेपाच दिवसात पोचवलं, तेही उणे ३०-४० च्या थंडीत. बाल्टो आणि टोगो ही नावं तू ऐकली असशील, ती त्यातल्याच कुत्र्यांची. हे सगळं सांगायचं कारण एवढंच की तुझ्या मित्राच्या सोफ्यावर जो झोपलेला पाहिलास ना, त्याच्या अंगात हेच आहे. आत दाट मऊ लोकर, वर लांब केस असा दुहेरी कोट, नाकावर शेपूट घेऊन बर्फात झोपेल असं अंग, आणि वजन जेमतेम १६ ते २७ किलो पण दम असा की तू थकशील, तो थकणार नाही.

आता माझ्या डोळ्यासमोर घडलेलं सांगते. जळगावात आमच्या शेजारच्यांकडे लुना होती, चार वर्षांची हस्की. चांगले लोक, पोरीसारखं जपायचे, एक एसी तर तिच्यासाठीच घेतलेला. मे महिन्यात त्यांच्या घरात लग्न निघालं आणि नऊ दिवस ती माझ्याकडे राहिली. पाचव्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास डीपी उडाली. पहिला अर्धा तास काही वाटलं नाही कारण खोली गार होती. मग ती उठली, हॉलमध्ये गेली, किचनमध्ये गेली, एका जागी बसेना, आणि शेवटी मोरीत जाऊन पोट फरशीला चिकटवून मागचे पाय बेडकासारखे पसरून पडली. जीभ इतकी बाहेर की टोकाला पळीसारखी रुंद झालेली, लाळ चिकट, तारा धरलेली, हिरड्या बघितल्या तर लालभडक. मी नळ सोडला तर गच्चीवरच्या टाकीचं पाणी, तुला माहितीच आहे मे महिन्यात दुपारी ते कसं असतं, हाताला चटका बसेल असं. मग माठ उपसला, समोरच्या काकूंनी त्यांचा रांजण उघडून दिला, तांब्या तांब्याने पोटावर, मांड्यांच्या मध्ये, काखेत, पंज्यांवर पाणी ओतत होतो आणि एकजण पुठ्ठ्याने वारा घालत होता. काकूंच्या मुलाने गाडी काढली, एसी फुल केला आणि डॉक्टरकडे नेलं. तिथे थर्मामीटरमध्ये १०५ आले, कुत्र्याचं नॉर्मल १०१ ते १०२.५ असतं. वाचली ती. पण पुढचे चार दिवस मी लाइट गेली की घड्याळ बघायचे, रात्रीसुद्धा, झोप म्हणून लागली नाही.

म्हणून तू "कूलर लावायची तयारी आहे" असं लिहिलंस तिथे मी थांबले. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंज्यांच्या तळव्याला थोडाफार, बाकी सगळी मदार धापेवर. धाप टाकली की जिभेवरचा, तोंडातला ओलावा उडतो आणि त्याने अंग गार होतं, माठ झिरपून पाणी गार होतं ना तसंच अगदी. आता आपला एप्रिल-मे कोरडा, त्यामुळे कूलर बरा चालतो, वाळा लावला तर अजून बरा, पण ४४ डिग्रीची झळ ओढून तो देऊन देऊन किती गार देणार, माणसाला चालेल, त्या लोकरीच्या गोळ्याला नाही. आणि खरा धोका तर त्याच्यापुढे आहे. मृगाचा एखादा पाऊस पडून गेला की हवा ओली होते, माठातलं पाणी गार होईनासं होतं, कूलर नुसती चिकचिक देतो, आणि त्याच कारणाने कुत्र्याची धापसुद्धा काम करेनाशी होते. आपल्याला वाटतं चला ऊन संपलं, सोडा याला बाहेर, आणि नेमका तेव्हाच घात होतो. ऑक्टोबर हीटमध्ये परत तेच. म्हणजे एसी पाहिजे, आणि तुमच्या गावात दिवसभर व्होल्टेज कसं असतं, लाइट किती वेळा जाते हे तू मला सांग, मी तुला काय सांगू. घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर पंखे चालतात, एसी नाही.

कोणीतरी सांगेलच की उन्हाळ्यात सरळ मशीन मारून टक्कल करून टाका. करू नका असं, कोणाचंही हस्की असो. वरचे केस उन्हापासून कातडी वाचवतात, ते काढले की ऊन थेट चामडीवर, आणि दुहेरी कोट एकदा मुळापासून कापला की कधीकधी परत नीट येतच नाही, ठिगळं ठिगळं राहतात. आतली सुटलेली लोकर फणीने काढायची असते, रोज, आणि केस झडायचा सीझन असला की पिशवी भरून निघते. लुना तिच्या घरी परत गेल्यावर महिनाभर मला भाकरीच्या पिठात पांढरे केस सापडत होते.

बरं गरमीचं बाजूला ठेवू, समजा तू एसी, जनरेटर सगळं केलंस. पळवणार कधी? ह्याला रोज तास-दीड तास खरंखुरं पळायला लागतं, अंगणात मोकळा सोडला म्हणजे झालं असं नाही, मोकळ्या अंगणात कुत्रं दोन चकरा मारतं आणि फाटकाशी येऊन बसतं. मार्च ते जून आपल्याकडे त्यासाठी दोनच वेळा, पहाटे साडेचार ते सहा आणि रात्री साडेनऊनंतर, कारण डांबरी रोड संध्याकाळी सातलासुद्धा तापलेला असतो (हाताची मागची बाजू रोडवर टेकवून बघ, पाच-सात सेकंद ठेवता आली नाही तर त्याचे पंजे पण भाजणार). तू भुसावळला ड्युटी करतोस, येऊन अभ्यासाला बसतोस. आणि पळालं नाही तर ते दम कुठेतरी काढणारच, खड्डे खोदणार, दारं कुरतडणार, रात्री लांडग्यासारखं तोंड वर करून रडणार, आणि बागेत नेलं तर ठिबकच्या नळ्या. एका रात्रीत किती नळ्या चावून ठेवू शकतं ते बाबांना सकाळी बघायला लागू नये असं मला मनापासून वाटतं.

राखणीचं तर विसरच. ही गोष्ट बाबांना नीट सांग कारण घरात गैरसमज तिथेच आहे. चेहरा लांडग्याचा असला तरी हस्की अनोळखी माणसावर भुंकत नाही, शेपूट हलवत जातं, कितीतरी पिढ्या ते अनेक कुत्र्यांत आणि माणसांत मिळून मिसळून राहिलंय. केबल चोरायला आलेल्या माणसाचे हात चाटेल ते. आणि आजीच्या कोंबड्या! चुकची लोक उन्हाळ्यात काम नसताना ही कुत्री मोकळी सोडत आणि ती शिकार करून पोट भरत, तो स्वभाव अजून तसाच आहे. कोंबडी फडफडली की त्याच्या अंगात वीज शिरते, तिथे तू कितीही हाका मार. बकरीचं करडू, शेजारची मांजर, सगळं त्यातच आलं. पट्टा सुटला की सरळ रेषेत पळत सुटतं, वासावर घरी परत येईल असं धरून चालू नकोस, किलोमीटरच्या किलोमीटर जातं आणि चार-पाच फुटी कंपाउंड तर त्याच्यासाठी काहीच नाही, वरून नाही तर खालून खोदून जाईल. तुमच्या मागे सातपुडा, यावलचं अभयारण्य, पायथ्याच्या गावांमध्ये बिबट्या येतोच, रात्री बागेत बांधलेलं कुत्रं म्हणजे त्याला ताटात वाढल्यासारखं. हे कुठल्याही कुत्र्याला लागू आहे, रात्री शेतात एकटं साखळीला बांधून कोणालाच ठेवू नका.

आता त्या विकणाऱ्याबद्दल. ४० दिवसांचं पिल्लू विकायलाच नको. २०१७ चे केंद्राचे कुत्रा पैदास आणि विक्रीचे नियम आहेत, त्यात आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. आईपासून इतकं लवकर तोडलेलं पिल्लू चावायचं किती आणि थांबायचं कुठे हे भावंडांत शिकलेलंच नसतं, वर पार्व्होची, म्हणजे पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या उलट्या-जुलाबाच्या आजाराची, भीती वेगळी. "आपल्या हवेला सेट झालेली लाइन" हे तर ऐकून मला वाईट वाटलं. गरम जागी वाढलेल्या कुत्र्याचा कोट थोडा विरळ होतो, थोडी सवय होते, एवढं खरं, पण दोन-चार पिढ्यांत जात बदलत नाही. तो माणूस पिल्लाचे आई-बाप दाखवतो का ते विचार, आणि दाखवले तर दुपारी एक वाजता जाऊन बघ, सकाळी सातला नाही. ते कुठल्या खोलीत आहेत, कसे श्वास घेतायत बघ. ह्या जातीत लहान वयात मोतीबिंदू आणि डोळ्यांचे बाकी आजार असतात, आणि झिंक अंगी न लागल्याने नाका-डोळ्यांभोवती खपल्या धरण्याचा त्रासही ह्यांच्यात जास्त, त्यावर आयुष्यभर गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. डोळा निळा आहे म्हणून भाव जास्त सांगत असेल तर त्यात काही अर्थ नाही, तपकिरी डोळा किंवा एक निळा एक तपकिरी हे पण तितकंच अस्सल.

आणि सगळ्यात मोठा प्रश्न तुझ्या पत्रात अर्ध्या ओळीत आहे, स्पर्धा परीक्षा. देव करो आणि तुझी पोस्ट निघो, मला खूप आनंद होईल. पण मग तू कुठे जाशील, गडचिरोली का कोकण, कोणाला माहीत. हस्की १२ ते १४ वर्षं जगतं. तू गेल्यावर दुपारी दोन वाजता लाइट गेली तर घरी कोण असेल? आजी. तिने त्या २५ किलोच्या जनावराला मोरीत ओढायचं, तांब्याने पाणी ओतायचं, गाडी बोलवायची. मी त्या दिवशी पाच माणसांत केलं ते, आणि तरी हात थरथरत होते माझे. आजी करेल पण, म्हातारी माणसं जनावरासाठी स्वतःचा जीव टाकतात, पण आपण तिच्यावर ते टाकायचं का?

राखणीला आणि सोबतीला कुत्रं पाहिजे ना, मग गावठी दोन पिल्लं घ्या, भावंडं असतील तर एकमेकांची सोबत. आखूड केस, बारीक अंगकाठी, आपल्या उन्हात पिढ्या काढलेल्या, दुपारी निंबाखाली सावली शोधून गप पडतील आणि रात्री पानाची सळसळ झाली तरी भुंकतील. लहानपणापासून कोंबड्यांमध्ये वाढवली की आजीशी भांडण नाही. दोन महिने झाले की लसीकरण चालू, तीन महिन्यांना रेबीजची, गोचीड ताप आपल्याकडे फार म्हणून अंगावर हात फिरवून रोज गोचीड बघायचा, आणि वयात आली की नसबंदीचं ऑपरेशन. नुसती दूध-भाकरी पुरत नाही हे पण लक्षात ठेव, अंडी, मटणाचा उकडलेला तुकडा पाहिजे, आणि शेवभाजीचा रस्सा कोणी प्रेमाने टाकला तरी नाही, कांदा-लसूण कुत्र्याला बाधतो. कारवानी जातीचा कुत्रा घ्यायचा विचार कोणी डोक्यात घातला तर तो सुद्धा आपल्या मातीतला, ऊन सोसतो, दिसायला देखणा, पण शिकारी आणि पळणारा, कोंबड्यांचा प्रश्न तिथेही राहतोच.

तरीही मन मानत नसेल, आणि मला कळतं ते मानत नसतं, तर ह्या उन्हाळ्यात पिल्लू न घेता एक काम कर. १ मे पासून पंधरा दिवस पहाटे साडेचारला उठून पाच किलोमीटर पळून ये आणि रात्री साडेनऊला परत तेवढंच, ड्युटी आणि अभ्यास सांभाळून, एकही दिवस न चुकवता. आजीला एक वही दे, दुपारी बारा ते पाच लाइट कधी गेली कधी आली एवढंच तिने लिहायचं, आणि ज्या खोलीत तू कुत्रं ठेवणार तिथे एक थर्मामीटर टांग. ती वही आणि आकडे मला पाठव, मी परत उत्तर देईन, आणि आकडे खरंच वेगळं सांगत असतील तर मी माझं म्हणणं बदलेन. तोपर्यंत त्या माणसाला बयाणा दिला नसेल तर देऊ नको, आणि दिला असेल तर आजच फोन करून परत माग, बयाणा बुडाला तरी चालेल.